‘अभिञ्ञा’ दिसली की आधी रूप ओळखा

एम.ए. पालीला आलात म्हणजे सहा अभिञ्ञा, म्हणजे साधनेतून येणारी सहा विशेष ज्ञानं, पाठ असतीलच: इद्धिविधेपासून (चमत्काराच्या सिद्धी) आसवक्खयापर्यंत (मनातल्या मळांचा क्षय), आणि शेवटच्या तीन म्हणजे तेविज्जा (तीन विद्या). पाठांतर चांगलंच. पण उताऱ्याचं भाषांतर करताना हीच यादी घात करते.

सामञ्ञफलसुत्तात, म्हणजे बुद्धांनी राजा अजातसत्तूला केलेल्या उपदेशात, ‘सयं अभिञ्ञा सच्छिकत्वा’ येतं. यादी डोक्यात असली की हात आपसूक ‘स्वतःच्या अभिज्ञेने’ असं लिहितो. माझा कितीतरी दिवस लिहायचा. पण शेजारचं ‘सच्छिकत्वा’ बघा: साक्षात करून. तसंच हे ‘अभिञ्ञा’ म्हणजे ‘अभिञ्ञाय’चं आखूड रूप, अर्थात ‘नीट जाणून’. अट्ठकथाही (सुत्तावरची जुनी पाली टीका) ते असंच सोडवते. म्हणजे इथे सिद्धी वगैरे काही नाही, साधं ‘ऊन’वालं अव्यय आहे.

अजून पटत नसेल तर त्याच सुत्तात थोडं मागे जा. भगवान अजातसत्तूला विचारतात, ‘अभिजानासि नो त्वं, महाराज, इमं पञ्हं अञ्ञे समणब्राह्मणे पुच्छिता?’ हा प्रश्न इतर श्रमण-ब्राह्मणांना विचारल्याचं आठवतं का? राजा म्हणतो, ‘अभिजानामहं, भन्ते.’ बापाचा जीव घेऊन गादीवर बसलेल्याला कसली आलीय दिव्य दृष्टी! आठवतं, एवढंच.

‘संस्कृत येतं ना, मग पाली आपोआप येईल’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. वरच्या वाक्यातलं ‘अञ्ञे’ म्हणजे ‘अन्य’, सुत्ताच्या नावातलं ‘सामञ्ञ’ म्हणजे ‘श्रामण्य’, आणि अर्हताची ‘अञ्ञा’ (मुक्त झाल्याचं अंतिम ज्ञान) मात्र ‘आज्ञा’वरून, तीही हुकूम या अर्थाने नव्हे. तीन वेगळे उगम, आणि कागदावर तोच ञ्ञ. तयार नोट्स देणारे सर सगळ्यांना आवडतात. मला तारलं ते प्रत्येक पदाचं रूप विचारून पिडणाऱ्या बाईंनी.

घाबरू नका, एवढं काही अवघड नाही. विपश्यना विशोधन विन्यासाची पाली तिपिटकाची देवनागरी छट्ठसंगायन आवृत्ती उघडा, ‘अभिजानाति’ शोधा आणि संदर्भासकट वाचत सुटा. मूलपरियायसुत्तात पुथुज्जन (सामान्य माणूस) ‘सञ्जानाति’ (नुसतं ओळखतो) आणि सेख (अजून शिकत असलेला साधक) ‘अभिजानाति’ (नीट जाणतो), तेही पथवीसारख्या (पृथ्वी) गोष्टीबद्दल. मग संयुत्तनिकायातलं सुसीमसुत्त घ्या. तिथे अञ्ञा जाहीर केलेले भिक्खू एकेका सिद्धीबद्दल सरळ ‘नाही’ म्हणतात आणि स्वतःला पञ्ञाविमुत्त, म्हणजे प्रज्ञेने मुक्त, म्हणवतात. हे सुत्त पहिल्या वाचनात कुणालाच पूर्ण कळत नाही, दुसऱ्यांदा वाचा.