कृत्रिम फुफ्फुसात दाब चढला की चिप बदलू नका, आधी पेशी बघा

प्रयोगशाळेत बारीक चॅनेलच्या चिपवर बनवलेल्या कृत्रिम फुफ्फुसाची, म्हणजे ऑक्सिजनेटरची, रक्तावर चाचणी चालू असते तेव्हाचा प्रसंग ठरलेला असतो. सर्किट व्यवस्थित सुरू होतं, प्रवाह तोच, तापमान ३७ अंश, आणि तासाभरात ऑक्सिजनेटरच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक चढू लागतो. मग गुठळीचा संशय येतो, हेपरिन (गुठळी रोखणारं औषध) वाढवलं जातं, चिप बदलली जाते. नव्या चिपवरही तेच. बऱ्याचदा गुठळी नसतेच. गॅसच्या बाजूने शुद्ध ऑक्सिजन सोडलेला असतो. बंद सर्किटात तेच दोन-तीनशे मिली रक्त फिरत राहतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच ७.४ वरून ८ कडे सरकतो आणि तांबड्या पेशी काटेरी व्हायला लागतात. रक्ताची पिशवी जुनी असेल तर आणखी लवकर.

निरोगी पेशी मधोमध चेपलेली चकती असते. प्रवाहात ती ताणली जाते, तिचं आवरण रणगाड्याच्या पट्ट्यासारखं आतल्या द्रवाभोवती फिरतं, म्हणून वेग वाढला की रक्ताची चिकटाई (व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध) उतरते. काटेरी पेशीला हे जमत नाही. २० मायक्रॉनच्या चॅनेलमध्ये हा फरक लगेच दाबावर दिसतो.

उपाय: गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड मिसळा. सवयीने ५ टक्के घेऊ नका. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब साधारण ७१० मिमी (पाऱ्याचे). त्यातून वाफेचे ४७ वजा केले तर ५ टक्क्यांचे जेमतेम ३३ मिमी होतात. शरीरातल्यासारखे ४० हवे असतील तर ६ टक्के लागतात. शुद्ध ऑक्सिजनवरच चाचणी करायची असेल तर सर्किटात दुसरा ऑक्सिजनेटर बसवून कार्बन डायऑक्साइड परत द्या.

पेशी बघतानाही घाई नडते. नुसत्या काचेवर सलाइनमध्ये थेंब ठेवला तर काचच पेशींना काटे आणते. थेंब त्याच रक्ताच्या प्लाझ्मात पातळ करा, किंवा २९० मिलीऑस्मोलच्या बफरमध्ये थोडं अल्ब्युमिन घाला. धुतानाही अल्ब्युमिन हवंच.

सहज मिळतं म्हणून बोकडाचं रक्त वापरणं ही दुसरी मोठी चूक. त्याची पेशी ३-४ मायक्रॉनची, माणसाची ८ च्या आसपास. शिवाय बोकडाच्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना फारशा चिकटत नाहीत. अरुंद चॅनेलमधले असे आकडे माणसाला लावता येत नाहीत. त्यातल्या त्यात डुकराचं रक्त जवळचं.

रक्तपेढीची पिशवी जास्तीत जास्त ४२ दिवस चालते ती रुग्णासाठी. आकाराच्या प्रयोगाला पहिल्या आठवड्यातलीच घ्या.

हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) सलाइनने उतरवू नका, प्लाझ्माने उतरवा. पेशींना एकमेकींजवळ आणणारं प्लाझ्मातलं प्रथिन, फायब्रिनोजेन, पातळ झालं की मंद प्रवाहातली चिकटाई खोटी कमी दिसते.

रक्ताऐवजी ग्लिसरीन-पाणी गळती तपासायला ठीक आहे. त्यात पेशी नाहीत, म्हणून त्यावरून प्रवाहाचा निष्कर्ष काढू नका.

बारीक सुईतून जोरात रक्त भरू नका, पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूजनंतर प्लाझ्मा सुरुवातीलाच गुलाबी दिसला तर ते रक्त टाकून द्या.