मका लगेच विकू नका, आधी घरचा हिशोब करा

आफ्रिकेतल्या मलावी देशात एप्रिल-मेमध्ये काढणी उरकली की व्यापारी वजनकाटा घेऊन दारात हजर, कारण भाव तेव्हाच सगळ्यात खाली असतो, आणि तोच मका जानेवारी-फेब्रुवारीत डबल पैसे मोजून परत घ्यावा लागतो. म्हणून विकायच्या आधी घरची माणसं मोजा. तिथं माणशी वर्षाला साधारण १३० किलो मका लागतो, म्हणजे पाच जणांच्या घराला ५० किलोची १३ पोती. ही पोती बाजूला काढल्याशिवाय एक किलोही देऊ नका, अगदीच नड असेल तर शेंगदाणा, कोंबडी काहीही विका पण खायचा मका नको!

आता साठवण, खरं नुकसान इथंच होतं. कणसं उघड्या मातीवर वाळत घालू नका, ताडपत्री टाका. वाळलाय का बघायला कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे नि चमचाभर कोरडं मीठ घालून चांगलं हलवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मीठ काचेला चिकटलं तर दाणा अजून ओला आहे, परत उन्हात. काठीनं बडवून दाणे काढलेत तर फुटतात आणि फुटक्या दाण्यात कीड आधी शिरते, त्यामुळे जमेल तेवढे हातानं किंवा हातयंत्रानं सोला. कणसं तशीच न्खोक्वेत, म्हणजे बांबूच्या कणगीत ठेवली तर मोठा भुंगेरा, तो मध्य अमेरिकेतून आफ्रिकेत आलेला, काही महिन्यांत दाण्याचं पीठ करून टाकतो.

परवडत असेल तर तीन थरांची हवाबंद पिशवी घ्या. आतल्या दोन प्लास्टिक पिशव्यांना भोक नाही ना बघा, हवा दाबून काढा, एकेक वेगळी पिळून घट्ट बांधा, मग उगाच उघडत बसू नका, हवा संपली की आतले किडे मरतात, कीड मारायची पावडर लागतच नाही. पिकावर मारायचं औषध खायच्या धान्यात तर कधीच टाकू नका.

बुरशी आलेले दाणे निवडून फेका, मनाला लागलं तरी फेका. २००४ ला केनियात बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन विषानं १२५ माणसं गेली. हे विष शिजवून जात नाही. असे दाणे गाईला घातले तर ते दुधात उतरतं, कोंबड्यांनाही नको, सरळ जमिनीत पुरा.

पोती फळीवर, भिंतीपासून लांब, आणि गेल्या वर्षीचा उरलेला मका नव्यात मिसळू नका, तो आधी खाऊन संपवा.