अपघातस्थळी मदतीला पुढे होताना

अपघातानंतर जमलेल्या गर्दीतले बहुतेक लोक निर्दय नसतात. आपल्या हातून भलतेच काही होईल किंवा नंतर पोलीस ठाण्याच्या खेपा घालाव्या लागतील, या धास्तीने ते जागीच थबकतात. पहिली धास्ती प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाने कमी होते. दुसरीसाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेले कलम १३४-अ आहे: मदत करताना झालेल्या चुकीबद्दल सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही.

प्रथम येणाऱ्या वाहनांना सावध करावे आणि समोरच्या एकाच व्यक्तीकडे बोट दाखवून तिला १०८ वर फोन करायला सांगावे, कारण ‘कोणीतरी फोन करा’ असे म्हटले की कोणीच करत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल किंवा ओढणीची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबावी. कापड भिजले तरी ते उचलून पाहू नये, त्यावरच दुसरे ठेवावे. जखमीला पाणी पाजण्याची आपली जुनी सवय मायेची असली, तरी अर्धवट शुद्धीत ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

हाकेला प्रतिसाद नसेल आणि श्वासही नीट चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा. हा जोर वाचून कळत नाही. तो प्रशिक्षणातल्या पुतळ्यावरच हातात बसतो.