कुंडीतली जुनी माती भाजीला पुन्हा कशी वापरावी

वांगी-टोमॅटोचा बहर संपला, झाडं उपटली, की कुंडीतल्या मातीबद्दल दोन सल्ले हमखास मिळतात. एक, फेकून द्या. दुसरा, तशीच परसातल्या वाफ्यात ओता आणि वर शेणखत टाका. पहिल्यात पैसा वाया जातो. दुसऱ्याने वाफा कायमचा बिघडू शकतो, म्हणून तो जास्त वाईट.

माती ओतण्याआधी उपटलेल्या झाडाची मुळं धुऊन बघा. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी यांच्या मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर मातीत सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अगदी बारीक कृमी, आहेत. चवळी-घेवड्याच्या गाठींशी गल्लत करू नका: त्या मुळाच्या कडेला असतात, बोटाने चोळल्या की सुटतात, कापल्यावर बहुधा आत गुलाबी दिसतात. सूत्रकृमींच्या गाठीत मूळच फुगलेलं असतं, ती सुटत नाही. अशी माती जमिनीत गेली की सूत्रकृमी तिथून काढणं जवळजवळ अशक्य.

झाड हिरवंगार असताना अचानक कोलमडलं असेल तर खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. दुधट धागा खाली उतरताना दिसला तर ती जीवाणूजन्य मर. ती माती भाजीला वापरूच नका.

बाकी माती मोकळी करून जाड मुळं आणि खडे काढा. वर पांढरा क्षार जमला असेल तर तो थर खरवडून टाका.

आता सूत्रकृमी आणि रोगाची बुरशी मारण्यासाठी माती तापवणं. सगळं बिघडतं ते इथेच, आणि माझंही बरीच वर्षं इथेच अडत होतं. ‘दोन दिवस कडक उन्हात पसरा’ या सल्ल्यावर विसंबू नका. कोरड्या मातीत उष्णता नीट खाली उतरत नाही, आणि सुप्तावस्थेतली अंडी व बुरशीचे बीजाणू कोरडेपणी बरीच उष्णता सोसतात. माती ओली हवी: मूठ दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये.

गच्चीवर जुनं फ्लेक्स अंथरून त्यावर ही ओली माती चार ते सहा इंच जाडीने पसरा. वर प्लास्टिक घाला, आणि ते पारदर्शकच हवं. काळं प्लास्टिक स्वतः तापतं, ऊन मातीपर्यंत जाऊ देत नाही. दुकानदार काहीही सांगो, काळं घेऊ नका. 25 ते 50 मायक्रॉन जाडीचं पुरतं. ते मातीला चिकटून ताणलेलं असावं, मधे हवेची पोकळी नको, कडा विटांनी किंवा मातीने पक्क्या दाबाव्यात. एक भोक राहिलं तरी वाफ निघून जाते आणि तेवढा भाग थंड राहतो.

एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे ठेवा. मधे एकदा उघडून खालची माती वर आणा, सुकली असेल तर पाणी शिंपडा, पुन्हा झाका. मृगाच्या आधी काम उरकायला हवं. ढगाळ हवेत याचा उपयोग नाही. बाल्कनीत अर्धाच दिवस ऊन येत असेल तर हा खटाटोप करू नका. गाठींची माती तिथे झेंडूला द्या, दाट लावा आणि पूर्ण हंगाम ठेवा.

तापलेल्या मातीत उपयोगी जीवही बरेच मरतात. म्हणून माती गार झाल्यावरच ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, घाला. आधी घातलं तर तेही मरतं. दोन घमेली जुन्या मातीला एक घमेलं चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. कोकोपीट कुजून माती घट्ट झाली असेल तर थोडा भाताचा तूस घाला. ओलसर ठेवून दोन आठवडे थांबा. ताज्या पेंडीत बी टाकलं तर कोंब जळतो.

पहिलं पीक मेथी किंवा कोथिंबीर घ्या, महिना-दीड महिन्यात निघते. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा एकाच कुळातले. ज्या मातीत यांपैकी एक झालं, तिथे पुढच्या हंगामात दुसरं लावू नका.