रोबोट उलटतोय? आधी बॅटरी कुठे बांधलीय ते बघा

सातपूर एमआयडीसीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये स्पर्धा जवळ आली की इंजिनिअरिंगची पोरं रोबोट घेऊन येतात. "सर, वळताना पडतो." बघावं तर बॅटरी सगळ्यात वरच्या प्लेटवर. का? तर काढा-घालायला सोपी. १२ व्होल्ट, ७ एएचची लेड-ॲसिड बॅटरी दोन किलोच्या वर भरते. एवढं ओझं डोक्यावर दिल्यावर तो पडणारच. डाव्या-उजव्या चाकांत ३० सेंमी अंतर आणि गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात तो बिंदू, ३० सेंमी उंच असेल, तर साधारण २६ अंश कलला की रोबोट आडवा. तोच मध्य १५ सेंमीवर आणा, ४५ अंशांपर्यंत तग धरतो.

दुसरी चूक मला जास्त छळते: लिफ्ट, म्हणजे वस्तू उचलून वर नेणारा रोबोटचा भाग, खाली ठेवूनच सराव करणं. गेल्या वर्षी एका टीमचा रोबोट सरावात एकदाही पडला नव्हता. मॅचमध्ये लिफ्ट वर, पंज्यात डबा, पोराने घाईत जॉयस्टिक सोडली. कोडमध्ये ब्रेक एकदम लागत होता. मागची चाकं उचलली आणि रोबोट तोंडावर आपटला. ॲक्रिलिकची प्लेट मधोमध तडकली. महिनोन् महिने जागलेली पोरं नुसती बघत उभी राहिली.

त्या रात्री आम्ही लिफ्ट वर करून, डबा धरवून, चाकं जाम केली आणि रोबोट पुढच्या चाकांवर तोलला. चाक जमिनीला टेकतं तिथून सरळ वर, ओळंब्याच्या रेषेत, बाजूच्या प्लेटवर मार्करने रेघ मारली. मग मागच्या चाकांवर तोलून दुसरी. दोन रेघा छेदतात तिथे गुरुत्वमध्य. तो पुढच्या चाकांच्या जेमतेम चार बोटं मागे निघाला, आणि उंची त्याच्या कितीतरी पट. बॅटरी चॅसिसखाली, मागच्या चाकांजवळ नेली. वेग अर्ध्या सेकंदात हळूहळू उतरेल असं कोड बदललं. दुसऱ्या दिवशी ब्रेकला मागची चाकं बोटभर उचलली आणि परत टेकली.

मागे लोखंडाचा ठोकळा बांधण्याचा शॉर्टकट मला पटत नाही. स्पर्धेतली वजनाची मर्यादा त्यातच संपते.

पुढे एकच कॅस्टर (सगळीकडे फिरणारं छोटं चाक) लावलं की आधार त्रिकोणी होतो, पुढचे दोन्ही कोपरे उघडे पडतात. दोन लावा.

टायरला जास्त पकडीचं रबर चिकटवलंत, तर घसरून वाचणारा रोबोट आता उलटेल. रबर बदललं की चाचणी पुन्हा, लिफ्ट वर करूनच.