उत्तरचाचणीला कोण नव्हतं?

एम.एड.च्या प्रबंधासाठी मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीच्या वाचनावर काम केलं. ऑक्टोबरात पूर्वचाचणी, मग रोज तासभर गटवाचन, मार्चमध्ये उत्तरचाचणी. वर्गाची सरासरी चांगलीच वाढली. निष्कर्ष लिहिताना हजेरीपट पुन्हा चाळला आणि पोटात गोळा आला. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुलं उत्तरचाचणीला नव्हतीच, आणि अक्षरांपाशी अडलेली बहुतेक तीच होती. सरासरी बरीचशी ती गळाल्यानेच वर गेली होती. मग दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचेच गुण जोडीने लावले. वाढ उरली, पण बरीच कमी.

म्हणून सांगते, मुलागणिक नोंद ठेवा आणि गळालेल्यांची यादी प्रबंधात द्या. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचं, मुलांचं वाचन-गणित तपासणारं ‘असर’ सर्वेक्षण 2005 पासून शाळेत न जाता घरोघरी का जातं, हे मला तेव्हा नीट उमगलं. त्या दिवशी शाळेत नसलेलं मूलही घरी भेटू शकतं.

चाचणी एकेकाला शेजारी बसवून घ्या. तिसरीतली एक मुलगी पाठ्यपुस्तकातला धडा खणखणीत वाचायची. मी तिच्या बोटाकडे पाहिलं, तर तोंडातला शब्द पुढे आणि बोट अजून मागच्याच ओळीवर. धडा पाठ होता. तेवढ्याच सोप्या, न पाहिलेल्या चार ओळी पुढे ठेवल्या, तर ती गप्प झाली. लेखी पेपरात हे कधीच दिसलं नसतं.

तुलनेसाठी दुसरा वर्ग हवाच. पण एका शाळेला मदत आणि दुसरीला फक्त चाचण्या, हे मुख्याध्यापकांना पटत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. वडोदऱ्यात 2001 साली ‘बालसखी’च्या अभ्यासात यावर छान तोड काढली होती: मागे पडलेल्या मुलांना शिकवणारी बालसखी निम्म्या शाळांत तिसरीला दिली, उरलेल्यांत चौथीला. एका शाळेची तिसरी दुसऱ्या शाळेच्या तिसरीशी ताडता आली आणि कुठलीच शाळा वंचित राहिली नाही. (या अभ्यासातले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना 2019 मध्ये नोबेल मिळालं.) दोन-तीन शाळांतही हे जमतं. मुख्याध्यापकांशी आधी बोला.

ऊसतोडीला गेलेली एक मुलगी एप्रिलमध्ये गावी परतली. तिच्या घरी ओट्यावर बसून मी तिची चाचणी घेतली. ऑक्टोबरात ती शब्द वाचत होती, आता अक्षरांवर आली होती. ती नोंद प्रबंधात वेगळ्या तक्त्यात आहे.