ऱ्होड्सला जाताय? दिवसाच्या आणि रात्रीच्याही या चुका टाळा

ऱ्होड्स या ग्रीक बेटावर मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा जुलैमध्ये मैत्रिणींबरोबर आणि नंतर सप्टेंबरच्या शेवटी आईबाबांना घेऊन. जर्मनीत राहतो त्यामुळे उन्हाळ्यात थेट विमान मिळतं, जाणं सोपं पडतं. पण खरं सांगते, पहिल्या वेळी आम्ही ते बेट बघितलंच नाही असं म्हटलं तरी चालेल, कारण सगळं चुकीच्या वेळी केलं. भर दुपारी किल्ला, संध्याकाळी सातला जेवण, आठला तयार होऊन रिकाम्या बारमध्ये बसलोय, आणि सकाळी जेव्हा खरं फिरायचं असतं तेव्हा गाढ झोपेत. दुसऱ्या वेळी फक्त वेळा बदलल्या आणि तेच रस्ते, तीच गावं इतकी वेगळी दिसली की वाटलं हे लिहून ठेवायलाच हवं. बहुतेक चुका वेळेच्या आहेत, काही पैशांच्या, आणि एक व्हिसाची आहे, ती भारतातून येणाऱ्यांनी तर नक्की वाचा, शेवटी लिहिली आहे.

अकरा वाजता ओल्ड टाउनमध्ये शिरणं

ही सगळ्यात मोठी चूक. तटाच्या आतलं जुनं शहर १९८८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, तट जवळजवळ चार किलोमीटरचा, आणि आत अजूनही माणसं राहतात, वाळत घातलेले कपडे दिसतात, मांजरी दिसतात. १३०९ पासून इथे सेंट जॉनच्या नाइट्सचं, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांच्या एका धार्मिक संघाचं, राज्य होतं, १५२२ मध्ये सुलतान सुलेमानने सहा महिने वेढा घालून ते घेतलं, मग तुर्क राहिले ते थेट १९१२ पर्यंत, मग इटालियन, आणि ग्रीसकडे बेट आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. हे सगळे थर एकाच गल्लीत दिसतात. पण क्रूझची जहाजं अगदी तटाला लागून उभी राहतात आणि नऊ-साडेनऊपासून हजारो लोक एकदम आत येतात. अकराला सोक्रातूस रस्त्यावर तुम्हाला फक्त समोरच्याची पाठ दिसते.

त्यापेक्षा सकाळी साडेसातला नाइट्सच्या गल्लीत जा. इप्पोतोन म्हणतात तिला, सुमारे दोनशे मीटरची चढाची गल्ली, दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या देशांच्या नाइट्सच्या दगडी वास्तू, प्रत्येकीवर त्यांची चिन्हं कोरलेली. मग वरच्या टोकाला ग्रँड मास्टरचा, म्हणजे नाइट्सच्या प्रमुखाचा, राजवाडा आहे, तो उघडतो त्याच वेळेला आत शिरा. आणि रात्री अकरानंतर त्याच गल्लीत परत या. दुकानं नाहीत, बार नाहीत, फक्त पिवळे दिवे आणि आपल्याच पावलांचा आवाज. माझ्या मते ऱ्होड्सची सगळ्यात सुंदर रात्र हीच आहे आणि तिला एक पैसा लागत नाही.

राजवाड्याबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. तो जसाच्या तसा मध्ययुगीन आहे असं समजून लोक फोटो टाकतात, पण १८५६ मध्ये दारूगोळ्याचा स्फोट होऊन तो उद्ध्वस्त झाला होता, आणि आज दिसतो तो बराचसा इटालियन लोकांनी १९३७ ते १९४० मध्ये पुन्हा बांधलेला आहे, जमिनीवरचे मोझेक तर कॉस बेटावरून आणून बसवलेत. तरीही बघाच, फक्त खरं जुनं बांधकाम अनुभवायचं असेल तर पुरातत्त्व संग्रहालय चुकवू नका, ते नाइट्सच्या १५ व्या शतकातल्या हॉस्पिटलच्या इमारतीत आहे, आणि त्याचं अंगण बसून राहावं असं आहे. आणि खंदक! कोरडा खंदक आहे, त्यातून चालत जाता येतं, फुकट, आणि तिथे गर्दी जवळजवळ नसते. बाबा उभा जन्म सह्याद्रीतले गड फिरलेत, त्यांना राजवाड्यापेक्षा खंदकातून तट खालून बघणंच जास्त आवडलं, तासभर हललेच नाहीत.

चपलांचं पण सांगते. इथल्या गल्ल्या समुद्रातल्या गोल गोट्यांनी बांधलेल्या आहेत, झिजून गुळगुळीत झालेल्या, त्यामुळे रात्री हील्स घालून निघालात तर पाय मुरगळणारच, माझ्या मैत्रिणीचा मुरगळला आणि पुढचे दोन दिवस ती हॉटेलवर. प्राचीन स्थळांवर तर ग्रीसमध्ये हाय हील्सना बंदीच आहे. ओल्ड टाउनच्या आत हॉटेल घेतलं असेल तर टॅक्सी दारापर्यंत येईलच असं नाही, वेशीपासून बॅग ओढत न्यायची तयारी ठेवा आणि कोणती वेस जवळची आहे ते आधी हॉटेलला विचारून घ्या, कारण वेशी बऱ्याच आहेत आणि चुकीच्या वेशीवर उतरलात की दोन बॅगा घेऊन अर्धा तास गेला.

लिंडोस भर दुपारी

लिंडोस हे गाव ऱ्होड्स शहरापासून साधारण ५० किलोमीटर दक्षिणेला. पांढरी घरं, वर ११६ मीटर उंच खडकावर अथेना लिंडियाचं देऊळ आणि त्याच्याभोवती नाइट्सचा किल्ला. वर सावली जवळजवळ नाही. आम्ही पहिल्या वेळी एक वाजता चढलो, अर्ध्यात एकीला चक्कर आली, पाणी संपलं, परत फिरलो. पहिली बस घ्या किंवा मग उशिरा दुपारी चढा, शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या आधीच थांबतो हे धरून. उष्णतेची लाट असेल तर ग्रीसमध्ये सरकार अशी उघडी स्थळं दुपारी बंद ठेवायला सांगू शकतं, तेव्हा त्या दिवशी सकाळी वेळ तपासा. पायऱ्यांजवळ खडकातच कोरलेलं एक प्राचीन जहाज आहे, घाईत सगळे पुढे निघून जातात, तिथे थांबा.

गाढवांवर बसू नका असं मी कळकळीने सांगेन. २०१८ मध्ये तिथे नियम आला की गाढवावर १०० किलोपेक्षा किंवा त्याच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भार नको, पण त्या उन्हात त्या चढावर त्यांच्याकडे बघवत नाही. चालवत नसेल तर खाली गावात बसा, गाव स्वतःच बघण्यासारखं आहे.

तसंच पेतालूदेस, म्हणजे फुलपाखरांची दरी. खरं तर ते पतंग आहेत, उन्हाळ्यात हजारोंनी झाडांच्या सालीवर शांत बसलेले असतात, शक्ती वाचवत. लोक टाळ्या वाजवतात, म्हणजे ते उडावेत आणि लाल पंख दिसावेत. प्रत्येक उड्डाणात त्यांची ताकद जाते आणि त्यातून त्यांची संख्या घटते. प्लीज टाळ्या वाजवू नका, मुलांनाही आधीच सांगून ठेवा.

रात्री आठला जाऊन "इथे काहीच नाही" म्हणणं

ग्रीक लोक जेवायलाच नऊ-दहाला बसतात. बारला बाराच्या आसपास रंग चढायला लागतो आणि क्लब त्याच्याही नंतर. त्यामुळे दुपारी दोन तास झोपा, हे आळशीपणाचं नाही, तिथले लोकही दुपारी शांतता पाळतात. मग संध्याकाळी मोंते स्मिथ टेकडीवर सूर्यास्त बघा, तिथे प्राचीन स्टेडियम आणि अपोलोच्या देवळाचे उरलेले खांब आहेत, तिथून उतरून सावकाश जेवा, आणि मग रात्र सुरू करा.

दुसरी चूक म्हणजे सगळीकडची रात्र सारखीच असते असं समजणं. फालिराकी ही मोठ्या आवाजाची, तरुण पोरापोरींची, शॉट्सची जागा, शहरापासून १४ किलोमीटर. तुम्हाला ते हवं असेल तर मस्त, नसेल तर तिथे हॉटेल घेऊन झोप लागणार नाही. नव्या शहरात ओर्फानिदू नावाचा बारचा रस्ता आहे, तोही गजबजलेला. पण आमचं मन बसलं ते ओल्ड टाउनमधल्या मिल्तियादू गल्लीत आणि आरिओनोस चौकाच्या बाजूला, दगडी भिंतीतले छोटे बार, बाहेर स्टूल टाकलेले, ग्रीक मंडळी जास्त, आणि बोललेलं ऐकू येतं. हे सगळं साधारण मे ते ऑक्टोबर, थंडीत बेटावरची टुरिस्ट भागातली बरीच दुकानं बार बंदच असतात, तेव्हा डिसेंबरचं स्वस्त तिकीट बघून पार्टीचा प्लॅन करू नका. आणि ऑगस्टच्या मध्यात असाल तर क्लब सोडा, १५ ऑगस्टला क्रेमास्ती गावात पनायिआची, म्हणजे मदर मेरीची, मोठी जत्रा असते, आपल्या गावच्या जत्रेसारखी, तिथे जा.

आता जरा गंभीर. फुकट शॉट किंवा फारच स्वस्त कॉकटेल कोणी हातात देत असेल तर घेऊ नका. ग्रीसमध्ये भेसळीच्या दारूला "बोंबा" म्हणतात, शब्दच आहे त्यांच्याकडे, म्हणजे समजून घ्या. सीलबंद बीअर किंवा समोर बाटलीतून ओतलेलंच प्या. ग्लास सोडून नाचायला गेलात तर परत आल्यावर तो पिऊ नका. मैत्रिणींनो, ग्रुपमध्ये एकीने तरी त्या रात्री न पिण्याचं ठरवा, आम्ही आळीपाळीने ठरवलं होतं आणि त्याचा उपयोग झाला. कोणाला अचानक खूप गरगरलं, दिसायला धूसर झालं, तर "झोपली की बरी होईल" नको, लगेच ११२ ला फोन.

परतायचं कसं हे निघतानाच ठरवा. शेवटच्या बसची वेळ स्टॉपवर बघून फोटो काढून ठेवा. रात्री बारा ते पाच टॅक्सीचा रात्रीचा दर असतो, तेव्हा मीटर जास्त पळतोय म्हणून भांडू नका, पण मीटर चालू आहे ना ते बघा. आणि प्यायल्यावर स्कूटर अजिबात नाही. कारला रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे आणि दुचाकीला फक्त ०.२, म्हणजे एक बीअरसुद्धा महागात पडू शकते. स्कूटर, क्वाड भाड्याने घेताना भारतीय लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हवंच, आणि त्यावर दुचाकीचा वर्ग हवा. दुकानदाराने विचारलं नाही म्हणजे चालतं असं नाही, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले विचारतात. आणि गाड्या उजवीकडून चालतात, चौकात वळताना हात सवयीने डावीकडे जातो.

जेवणाची बिलं

ओल्ड टाउनच्या गजबजलेल्या चौकात दारात उभे राहून बोलावणारे असतात. आम्ही एका ठिकाणी दर न विचारता "लार्ज बीअर" म्हटलं, तर बुटाच्या आकाराचे भलेमोठे ग्लास आले आणि बिल बघून संध्याकाळचा मूडच गेला. तेव्हापासून नियम एकच, छापील दर असलेला मेन्यू हातात आल्याशिवाय ऑर्डर नाही, आणि साइज विचारूनच. ताजा मासा किलोवर विकतात, मेन्यूत दिसतो तो प्लेटचा नाही तर किलोचा दर, आधी वजन करून घ्या. ब्रेड न मागता येतो आणि त्याचे पैसे लागू शकतात. पावती मागा, पावती दिली नाही तर पैसे द्यायचं बंधन ग्राहकावर नाही, हे तिथल्या मेन्यूवरच लिहिलेलं असतं.

शाकाहारी मंडळींचे हाल होतात असं ऐकलं होतं पण ऱ्होड्समध्ये आईचे मजेत दिवस गेले. पितारूदिया मागा, काबुली चण्याची कांदा-टोमॅटो-पुदिना घालून केलेली भजी, तिथली खास. "निस्तीसिमो" हा शब्द पाठ करा, उपवासाचं, म्हणजे मांस आणि दूध नसलेलं, पण त्यात कोळंबी-ऑक्टोपस चालतात तेव्हा तेवढं वेगळं विचारा. आणि मेलेकूनी घरी आणा, तीळ आणि मधाच्या वड्या, तिथे लग्नात बारशात वाटतात, आईने एक खाल्ली आणि म्हणाली अगं ही तर आपली संक्रांत.

एका चौकात जरा थांबा

ओल्ड टाउनमध्ये समुद्रघोड्यांचं कारंजं असलेला चौक आहे, बाजूला कॅफे, रात्री चांगलीच गर्दी. तिथे सेल्फी काढून आम्ही पुढे गेलो होतो. तो ज्यू हुतात्म्यांचा चौक आहे हे दुसऱ्या वेळी कळलं. जुलै १९४४ मध्ये नाझींनी या बेटावरच्या सोळाशेहून जास्त ज्यू लोकांना आउशवित्झला पाठवलं, वाचले ते जेमतेम दीडशे. शतकानुशतकं गजबजलेली वस्ती एका उन्हाळ्यात संपली. शेजारच्या गल्लीत १५७७ चं काहाल शालोम सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, अजून आहे, ते दिवसा बघा, आणि मग त्या चौकातल्या काळ्या दगडाच्या स्मारकावरचं वाचा. तिथे मोठ्याने म्युझिक लावून बसू नका एवढंच सांगेन.

आणि ती व्हिसाची चूक

मँड्राकी बंदरावर फिरताना, जिथे आता खांबांवर हरणांचे पुतळे आहेत, तुम्हाला कोलोसस, म्हणजे सूर्यदेवाचा प्राचीन भव्य पुतळा, इथेच दोन पाय फाकून उभा होता असं सांगणारी चित्रं विकतील. साधारण ३३ मीटरचा तो पुतळा इ.स.पू. २२६ च्या भूकंपात पडला आणि नक्की कुठे होता ते कोणालाच माहीत नाही, ते सोडून द्या. पण त्याच परिसरात तुर्कस्तानच्या मार्मारिसच्या डे-ट्रिपचे बोर्ड असतात, तासाभरात पोहोचते फेरी, आणि मोह होतो. थांबा आणि आधी पासपोर्ट उघडा. तुर्कस्तान शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालतो त्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तुमचा शेंगेन व्हिसा सिंगल एंट्री असेल तर मार्मारिसला पाय ठेवल्यावर तो संपला, ऱ्होड्सला परत येता येणार नाही, बॅगा हॉटेलवर आणि परतीचं विमान अथेन्सहून. शिवाय तुर्कस्तानचा वेगळा व्हिसा लागतो. आमच्या ओळखीचं नागपूरचं एक जोडपं पैसे भरायच्या बेतात होतं, नशिबाने बाबांनी विचारलं, एंट्री किती आहेत तुमच्या?

ते दोघं मग आमच्याबरोबर सिमीला आले. सिमी ग्रीसचंच बेट आहे, व्हिसाचा प्रश्नच नाही. सकाळची बोट घ्या, पण वारा जोरात असेल तर बोटी रद्द होतात, ऑगस्टमध्ये विशेष, म्हणून ही ट्रिप शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आणि बोट बंदरात शिरताना आत एसीत बसून राहू नका, डेकवर या, पिवळ्या-केशरी घरांची रांग डोंगरावर चढत गेलेली दिसते ती तेवढी पाच मिनिटंच समोरून दिसते.